सुरुवातीचे बीटल्स पोरकट?



गेल्या अंकातले पत्रलेखक म्हणतात, बीटल्स खरे सुरू होतात १९६५च्या ‘रबर सोल’पासून, आधीची गाणी पोरकट. नागपुरात, सदरच्या कॉफी हाउसात आम्हा मित्रांचाही हाच वाद. ‘रबर सोल’वाल्यांचं बहुमत, मी एकटा! शब्द बाळबोध आहेत, मान्य. पण ‘प्लीज प्लीज मी’ अल्बममधली दहा गाणी ११ फेब्रुवारी १९६३ या एकाच दिवसात ध्वनिमुद्रित झाली. शेवटचं ‘ट्विस्ट अँड शाउट’ (मूळचं त्यांचं नव्हे, तरीही) सर्दीने बेजार लेननने घसा फोडून गायलं. ते पोरकट? शंकर-जयकिशन यांनीही ‘जानवर’ चित्रपटासाठी बीटल्सच्या याच सुरुवातीच्या काळातल्या ‘आय वॉन्ट टू होल्ड युअर हँड’ची चाल उचलली, त्यावर शम्मी कपूर नाचला. पत्रलेखकांनी ते गाणं जरूर पाहावं.

— एक वाचक, धरमपेठ, नागपूर