पाळतीला हेरगिरी म्हणू नये

नळदुर्गच्या किल्ल्यात उपळी बुरूज सगळ्यांत उंच. त्यावर उभे राहून लांबचा मुलूख न्याहाळायचा, ती टेहळणी. वेश पालटून शत्रूच्या छावणीत शिरतो, तो हेर. आणि आपल्याच गावातल्या माणसाच्या येण्याजाण्यावर कुणी गुपचूप डोळा ठेवला, तर ती पाळत. मराठीने ही कामे वेगवेगळ्या शब्दांत राखून ठेवली आहेत. बातम्यांत मात्र हल्ली सगळ्यांसाठी ‘हेरगिरी’ हा एकच शब्द सर्रास येतो. यात नुकसान नागरिकांचे आहे.

हेर हा ‘हेरणे’चा सोयरा. शिक्षक पोरातला गुण हेरतात, शेतकरी बाजारात बैल हेरतो. पारखून नेमके टिपायचे, असा त्या क्रियापदाचा रोख. त्यात हलकेपणा नाही. ऋग्वेदात वरुणाचे ‘स्पश’, म्हणजे हेर, येतात. तो स्पश आणि इंग्रजीतला ‘स्पाय’ पाहण्याच्या अर्थाच्या एकाच मुळातून निघाले. अरबी ‘जासूस’च्या मुळाशी हाताने चाचपणे आहे. मराठीत त्याचा जासूद झाला. शिवाजी महाराजांच्या 1664 च्या सुरत स्वारीआधी तिथली खबर आणणारा बहिर्जी जाधव सभासद बखरीत भेटतो, तो जासूद म्हणूनच. पुढे पेशवाईत जासुदांच्या जोड्या पत्रे घेऊन मैलोन् मैल चालत. जिवावर उदार होऊन परमुलखात जाणाऱ्या या माणसांमुळे शब्दाला मान आला.

धाराशिवकरांच्या वाट्याला आलेला अनुभव वेगळा होता. निजामाच्या राज्यात 1929 मध्ये ‘गश्ती निशाण 53’ हे परिपत्रक निघाले आणि राजकीय सभेसाठी सरकारची परवानगी सक्तीची झाली. सभा कुठे आणि कशासाठी, हे राज्यकर्त्याला आधी सांगा, मग तोंड उघडा. खासगी शाळा, आखाडे यांच्याकडेही संशयाने पाहिले जाई. निजामाची बाजू घेणाऱ्या रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरचा वकील. लातूर तेव्हा उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातच होते, 1982 मध्ये वेगळे झाले. म्हणजे धाक परका नव्हता, शेजारचाच होता.

तो धाक संपवायला सोलापूरकडून निघालेल्या भारतीय फौजेने 13 सप्टेंबर 1948 रोजी बोरी नदीवरचा पूल शाबूत ताब्यात घेतला. त्याच दिवशी नळदुर्ग पडले. 2 शीख पलटणीचे हवालदार बच्चित्तर सिंग तिथे धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले.

शत्रूच्या पुलावर नजर ठेवणे आणि आपल्या माणसाच्या सभेवर नजर ठेवणे यांना एक नाव कसे देता येईल? कौटिल्याचे गूढपुरुष परराज्यात फिरत तसेच स्वराज्यातही, हे खरे. पण तिथे राजा होता आणि प्रजा होती. आपण संविधानाचे नागरिक आहोत, आणि आपला कायदाही हा भेद मानतो. शत्रूसाठी हेरगिरी करणाऱ्यासाठी 1923 चा शासकीय गुपिते कायदा आहे. फोनवरच्या पाळतीला 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंधने घातली, 2017 मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि ऑक्टोबर 2021 मध्ये फोनमध्ये शिरणाऱ्या ‘पेगासस’ सॉफ्टवेअरच्या प्रकरणी तज्ज्ञांची समिती नेमली. त्या प्रकरणाचे मराठी मथळे मात्र ‘पेगासस हेरगिरी’ असेच राहिले. त्या शब्दाने वाचकाच्या डोळ्यांपुढे परदेशी कारस्थान उभे राहते. आपल्याच नागरिकाच्या हक्काचा मुद्दा मागे पडतो.

नवरात्रात तुळजापूरच्या गर्दीवर कॅमेरे रोखलेले असतात ते चेंगराचेंगरी आणि चोऱ्या टाळण्यासाठी. ती टेहळणी, आणि ती हवीच. तेच चित्रण एखाद्या माणसाचा माग काढत बसायला वापरले, की ती पाळत झाली. मग चित्रण कुणाकडे राहते, किती दिवस राहते, ते कुणाला पाहता येते, हे विचारणे भागच आहे. फोन ऐकण्याच्या आदेशाला नियमाने 60 दिवसांची मुदत असते, वाढवली तरी 180 दिवसांची. आदेश योग्य होता का, हे तपासायला आढावा समिती असते. बातमीदाराने मथळ्यात ‘पाळत’ लिहिले, तर आदेश कुणाचा, मुदत किती आणि समितीने तो तपासला का, हे प्रश्न त्याच बातमीत यायला हवेत.