टाळी एका हाताची

लग्नघरी आलेल्या प्रत्येक आहेराची नोंद ठेवली जाते. परंतु एक आहेर असा आहे की, त्याची नोंद कोणी करीत नाही आणि वधूखेरीज तो कोणाला दिलाही जात नाही. त्या आहेराचे नाव ‘तडजोड’. आजी तो कानात सांगते, आत्या-मावश्या डोळे पुसता पुसता सांगतात आणि शुभेच्छा द्यायला उभा राहिलेला पाहुणा ध्वनिवर्धकावरून सर्वांदेखत सांगतो. वराच्या वाट्याला मात्र ‘सुखी राहा’ एवढाच आशीर्वाद येतो.

पुढे वर्षा-दोन वर्षांनी तीच मुलगी सुजलेला डोळा पदराने झाकून माहेरी येते. तेव्हा ‘भांड्याला भांडे लागायचेच’, ‘टाळी काही एका हाताने वाजत नाही’ अशी तिची समजूत घालून आम्ही तिला परत पोहोचवून येतो. भांडणाची टाळी दोन हातांनी वाजते, हे आम्हांला अशा वेळी नेमके आठवते. समेटाची टाळी मात्र तिने एकटीने, एकाच हाताने वाजवावी, अशी आमची अपेक्षा असते. या अपेक्षेला तडजोड म्हणणे ही शब्दाची विटंबना आहे. तिचे खरे नाव शरणागती. शरणागतीवर उभा असलेला संसार पन्नास वर्षे टिकला, तरी त्याला सहजीवन कसे म्हणावे?

तडजोडीवाचून संसार होत नाही, हे आम्हांला पूर्ण मान्य आहे. एकाला पहाटेची लोकल गाठायची असते, तर दुसऱ्याला रात्री उशिरापर्यंत जागायची सवय असते. नाताळच्या मध्यरात्रीची मिस्सा कोणाच्या गावी ऐकावी, म्हाताऱ्या आईच्या औषधपाण्याचा खर्च कोणाच्या पगारातून करावा, मुलांना मराठी शाळेत घालावे की इंग्रजी, असे प्रश्न प्रत्येक घरात येतात आणि कोणीतरी दोन पावले मागे आल्याशिवाय ते सुटत नाहीत. आज ती मागे आली, तर उद्या त्याने यावे, एवढीच तडजोडीची साधी कसोटी आहे. परंतु सवयी, आवडी आणि सोय यांच्याबाबत तडजोड करता येते. अंगावर उठणारा हात, दारूत बुडणारा पगार आणि रोजचा पाणउतारा यांच्याशी नव्हे. मिठाच्या प्रमाणावर वाटाघाटी होऊ शकतात. माराच्या प्रमाणावर होत नाहीत.

येथे आमच्या तरुण वाचकांनाही दोन शब्द सांगणे भाग आहे. ‘आमचे स्वभाव जुळत नाहीत’ हे वाक्य हल्ली लग्नानंतर काही महिन्यांतच ऐकू येते. शिक्षण, पगार आणि आवडीनिवडी जुळवून पाहिल्या की अनुरूप जोडीदार तयार मिळतो, हा भ्रम आहे. मूल झाले, आजारपण आले, नोकरी गेली की ज्याच्याशी सारे जुळले होते, तो माणूसच बदलतो. अनुरूपता ही लग्नाआधीची अट म्हणून मागता येत नाही. ती लग्नानंतर दोघांनी मिळून घडवायची असते. वेदीपुढे वचन दिले जाते ते याचसाठी. मात्र घडवणारे हात दोन माणसांचे हवेत. तरुणांत सहनशीलता उरली नाही, अशी तक्रार करणारे वडीलधारे कोणाच्या सहनशीलतेविषयी बोलत असतात, हेही एकदा त्यांनी स्वतःशी तपासून पाहावे.

या एकतर्फी उपदेशाला श्रद्धेचा आधार दिला जातो, त्याचे आम्हांला सर्वांत अधिक दुःख होते. पत्नीने पतीच्या अधीन असावे, हे संत पौलाचे वचन सर्वांना पाठ असते. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात त्याच्या लगेच आधी दोघांनी परस्परांच्या अधीन राहावे असे सांगितले आहे, त्याकडे मात्र आम्ही डोळेझाक करतो. १९८३ च्या कॅनन कायद्याचे ११३५ वे कलम वैवाहिक जीवनात पतिपत्नींची कर्तव्ये व हक्क समान मानते. जोडीदारामुळे शरीराला वा आत्म्याला गंभीर धोका असेल, तर वेगळे राहण्यास ११५३ वे कलम वाव देते. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली ‘अमोरिस लेतित्सिया’मध्ये असे वेगळे राहणे कधी कधी नैतिकदृष्ट्या आवश्यक ठरते, असे स्पष्ट म्हटले. वेगळे राहिल्याने विवाहबंध तुटत नाही. जीव मात्र वाचतो.

देशाच्या कायद्यालाही हे शहाणपण उशिराच सुचले. १८६९ च्या भारतीय घटस्फोट कायद्यानुसार पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणे पुरेसे होते. पत्नीला नुसता छळ सिद्ध करून घटस्फोट मिळत नसे. त्याच्या जोडीला पतीचा व्यभिचारही सिद्ध करावा लागे. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने हा भेदभाव घटनाबाह्य ठरवला आणि २००१ च्या दुरुस्तीने पतिपत्नींना समान कारणे मिळाली. कायदा सुधारायला १३२ वर्षे लागली. आमची जीभ सुधारायला आणखी किती लागणार?

विवाहपूर्व मार्गदर्शन शिबिरांत यापुढे ‘तू काय सोडणार?’ हा प्रश्न आधी वराला विचारला जावा आणि त्याचे उत्तर वधूसमोर घेतले जावे. आणि मुलगी अवेळी माहेरच्या दारात उभी राहिली, तर तिला आधी आत घ्यावे, जेवू घालावे, निजू द्यावे. ‘भांड्याला भांडे’ ही म्हण त्या रात्री कोणीही उच्चारू नये. दुसऱ्या दिवशी बोलणी करायची असतील, तर ज्याने हात उगारला, त्याच्या घरी जाऊन करावीत.