दोष तंत्राचा नव्हे

घराच्या भिंती, छत, जिने कारखान्यात घडवावेत आणि जागेवर नेऊन केवळ जोडावेत, ही पद्धत भारतात रुजत का नाही? बांधकाम व्यवसायाची उत्तरे ठरलेली आहेत. मजूर अकुशल आहे, ग्राहकाला विटांचीच भिंत हवी, रस्ते अरुंद आहेत! भांडवलाचे नाव मात्र या यादीत कधी येत नाही.

प्रयत्नच झाला नाही असे नव्हे. फाळणीनंतरच्या निर्वासितांसाठी नेहरू सरकारने दिल्लीत घरांचा सरकारी कारखाना काढला. जर्मन वास्तुविशारद ऑटो कोनिग्सबर्गर हे त्याचे प्रवर्तक. भिंतींचे काँक्रीटचे तावदे तडकू लागले, टीकेचे मोहोळ उठले आणि १९५१ मध्ये कोनिग्सबर्गर देश सोडून गेले. सदोष मिश्रण सुधारता आले असते. पण दरवर्षी ठरावीक संख्येने घरे घेण्याची हमी शासनाने दिली नाही. परिणामी घरांसाठी जन्मलेला हा कारखाना पुढे विजेचे खांब आणि रेल्वेचे स्लीपरही घडवू लागला.

खरा अडसर येथेच आहे. कारखान्यात गुंतलेले भांडवल मंदीतही व्याज मागते. नाक्यावरचा मजूर काम संपताच घरी पाठवता येतो. मंदीचा सारा भार ज्याच्या उपाशी पोटावर ढकलता येतो असा माणूस रोजंदारीवर मिळत असताना कंत्राटदार यंत्र कशाला विकत घेईल? शिवाय कारखाना म्हटला की कारखाना कायदा आला, हजेरीपट आला, उद्या संघटनाही आली. बिल्डरचा मोठा नफा तर जमिनीच्या भाववाढीत असतो. ग्राहकाच्या आगाऊ पैशावर इमारत उभी राहत असेल, तर तिला वर्ष लागले काय आणि तीन लागली काय! करधोरणही याच पठडीतले होते. २०१७ पूर्वी बांधकामाच्या जागेवर तयार केलेल्या सिमेंटच्या घटकांना उत्पादन शुल्कात सूट असे. कारखान्यातून आलेल्यांना ती सामान्यतः नसे.

पुण्याच्या शिर्के कंपनीने म्हाडासाठी पूर्वनिर्मित घटकांच्या इमारती उभारल्या, त्या मागणी एकगठ्ठा आणि सार्वजनिक होती म्हणून. २०२१ च्या पहिल्या दिवशी पंतप्रधानांनी सहा शहरांत दीपस्तंभ प्रकल्पांची पायाभरणी केली. मुदत बारा महिन्यांची होती. चेन्नईतील ११५२ घरांचे उद्घाटन मे २०२२ मध्ये झाले. उशीर क्षम्य आहे. परंतु नमुन्याची सहा बेटे म्हणजे गृहनिर्माणाचे धोरण नव्हे.

या पद्धतीने मजूर बेकार होतील, ही भीती चळवळीतही आहे आणि ती अनाठायी नाही. म्हणून मागणी दुहेरी हवी : शासनाने दरवर्षीच्या घरांची हमी द्यावी आणि त्या कारखान्यांत नाक्यावरच्या मजुराला प्रशिक्षण देऊन कायम नोकरीत घ्यावे. पैसा नाही, हे उत्तर चालणार नाही. बांधकाम कामगारांच्या नावे जमलेल्या सुमारे ३७,४०० कोटींच्या उपकरापैकी जेमतेम ९,५०० कोटी खर्च झाल्याची नोंद सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये केली. तो निधी कामगारांचाच आहे, आणि प्रशिक्षणाचा खर्च त्यातून मागण्याचा हक्कही त्यांचाच आहे.