‘मुलगा आला नाहीं’

२०२५ च्या नोव्हेंबरांत पुण्यांतील एका परिचित घरीं तेराव्याच्या दिवशीं जाण्याचा प्रसंग आला. वारलेले गृहस्थ निवृत्त शिक्षक. एकुलता एक मुलगा अमेरिकेंत एका विद्यापीठांत संशोधक. सारें क्रियाकर्म पुतण्यानें केलें. मुलगा तिकडे रात्रभर जागून लहानशा पडद्यावर तें पाहत बसला होता. जेवणें झाल्यावर बाहेरच्या खोलींत बसलेल्या मंडळींत एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, “बापाच्या तोंडांत पाणी घालायलासुद्धां मुलगा आला नाहीं! तिकडे गेलीं कीं मुलें आपलीं राहत नाहींत. नाहीं तर पलीकडच्या वाड्यांतली ती मुलगी पाहा. आई आजारी म्हणतांच विमानांत बसली.” चारचौघांनीं माना डोलावल्या. आम्हीहि त्या वेळीं गप्प बसलों, कारण ती जागा वादाची नव्हती.

हें दूषण आम्हीं गेल्या कांहीं वर्षांत इतक्या घरांतून ऐकलें आहे कीं, त्याचा एकदां सविस्तर परामर्श घेणें आम्हांस अवश्य वाटतें. मुलें निष्ठुर होतच नाहींत असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु बहुतेक ठिकाणीं त्यांचे पाय बांधलेले असतात, आणि ते कशानें बांधलेले आहेत हें समजून घेण्याची तसदी आपण, स्वतःस सुशिक्षित म्हणविणारे लोकहि, घेत नाहीं. या प्रकरणीं दोष द्यावयाचाच असेल तर तो आधीं एका परक्या कायद्यांतील एका शब्दास द्यावा, आणि उरल्यास आपणांस घ्यावा. मुलाच्या वांट्यास तो फारसा येत नाहीं.

अमेरिकेंत शिकावयास गेलेला विद्यार्थी ‘एफ-वन’ दर्जावर असतो. शिक्षण संपल्यावर त्यास बारा महिने, आणि विज्ञान, अभियांत्रिकी यांसारखे विषय असल्यास आणखी चोवीस महिने, अनुभवासाठीं नोकरी करतां येते. त्यापुढें राहावयाचें तर बहुधा नोकरी देणाऱ्यानें त्याच्यासाठीं ‘एच-वन-बी’चा अर्ज करावा लागतो. खासगी कंपन्यांच्या बाबतींत या परवान्यांची वार्षिक संख्या ६५,०००, आणि अमेरिकन विद्यापीठाची उच्च पदवी घेतलेल्यांसाठीं आणखी २०,००० अशी बांधलेली असल्यानें मार्च महिन्यांत सोडत काढावी लागते. विद्यापीठांस ही मर्यादा नाहीं. तीं वर्षांत केव्हांहि अर्ज करूं शकतात. देशांत असलेल्या विद्यार्थ्यासाठीं केलेल्या अर्जांत सामान्यतः दोन मागण्या असतात, आणि सारी गोम येथेंच आहे. पहिली मागणी अशी कीं, हा उमेदवार या नोकरीस पात्र ठरवावा. दुसरी अशी कीं, तो देशांतच असल्यामुळें त्याचा विद्यार्थ्याचा दर्जा देशांतल्या देशांत बदलून नोकरदाराचा करावा. ही दुसरी मागणी प्रलंबित असतां उमेदवारानें देशाची सीमा ओलांडली, तर त्यानें ती आपण होऊन सोडून दिली असें इमिग्रेशन खातें धरतें. त्यांचा शब्द ‘अबॅन्डन्ड’. पहिली मागणी जिवंत राहूं शकते. पण मग परदेशांतील अमेरिकन वकिलातींत मुलाखत देऊन पासपोर्टावर नवा व्हिसा घेतल्यावांचून त्या नोकरीवर रुजू होतां येत नाहीं.

त्या गृहस्थांनीं जिचें उदाहरण दिलें ती मुलगी आमच्या चांगल्या माहितीची. दोनदां निराशा होऊन तिसऱ्या खेपेस, मार्च २०२५ मध्यें, तिचें नांव सोडतींत आलें. एप्रिलांत कंपनीनें अर्ज केला. जुलैंत आईला पक्षाघाताचा झटका आल्याची बातमी पोहोंचली आणि ती निघाली. ‘जाऊं नका’ असें कंपनीच्या वकिलाचें पत्र तिनें विमानतळावर वाचलें. आईची शुश्रूषा झाली, आई सावरलीहि. पण दर्जाबदल बुडाला होता, विद्यार्थिदशेंतला जुना व्हिसा संपला होता, आणि मुंबईच्या वकिलातींत महत्प्रयासानें मुलाखत मिळाली ती ‘अधिक चौकशी’चा कागद हातीं घेऊन परत येण्यापुरती. कंपनीनें जागा तीन महिने राखली, चौथा महिना राखली नाहीं. अर्ज कंपनीचा असतो, मुलीचा नव्हे. नोकरी गेली तेव्हां व्हिसा मागण्याचें कारणच गेलें. तेराव्याच्या दिवशीं तिची स्तुति चालली होती, त्या वेळीं ती दोन गल्ल्या पलीकडे इकडील नोकऱ्यांच्या जाहिराती वाचीत बसली असेल.

आतां न आलेल्या मुलाकडे वळूं. त्याच्या विद्यापीठानें त्याच्यासाठीं अर्ज केला तो ऑक्टोबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यांत. त्यापूर्वीं पंधरा-वीस दिवस, १९ सप्टेंबर रोजीं, अमेरिकेच्या अध्यक्षांनीं एक फर्मान काढलें होतें: २१ सप्टेंबरपासून बारा महिने, नव्या एच-वन-बी अर्जावर बाहेरून येणाऱ्या माणसामागें नोकरी देणाऱ्यानें एक लाख डॉलर भरावे. त्या वेळच्या भावानें ही रक्कम पाऊण कोटि रुपयांहून अधिक होते. फर्मानाचा अर्थ पहिल्या दिवशीं कोणासच लागेना. कांहीं मोठ्या कंपन्यांनीं बाहेर गेलेल्या आपल्या माणसांस तांतडीनें परत येण्यास कळविलें, आणि विमानांत बसलेले प्रवासी खालीं उतरल्याच्या वार्ता आल्या. पुढें २० ऑक्टोबर रोजीं खात्यानें खुलासा केला. देशांत असलेल्याचा दर्जा देशांतच बदलला गेला तर ही रक्कम नाहीं; पण निकालापूर्वीं तो देशाबाहेर गेला, तर ती रक्कम लागूं. म्हणजे बापाच्या अंत्यदर्शनास आलेल्या मुलाच्या परतीच्या वाटेवर एक लाख डॉलरांचा टोलनाका! कोणतें विद्यापीठ एका तरुण संशोधकासाठीं तो भरणार? त्या मुलानें बाप आणि नोकरी यांत नोकरी निवडली असें म्हणणें सोपें आहे. त्यानें निवडलें काय? बाप तर गेलाच होता. मागें राहिली होती आई, आणि शिक्षणासाठीं बँकेंतून काढलेलें कर्ज. त्या कर्जावर जामीन म्हणून सही त्याच बापाची होती.

प्रत्येक राष्ट्रास आपल्या दाराशीं कोणास घ्यावें हें ठरविण्याचा अधिकार आहे, असें येथें कोणी म्हणेल. तो आम्हांस सर्वथा मान्य आहे. ज्यास तो देश नको म्हणेल त्यानें तेथें राहूं नये, इतका स्वाभिमान आपल्या मुलांनीं बाळगावा असेंच आम्ही म्हणूं. आमची तक्रार अधिकाराबद्दल नसून त्या एका शब्दाबद्दल आहे. सोडून देणें ही मनाची क्रिया आहे. तिच्यासाठीं इच्छा लागते. आई अंथरुणास खिळली म्हणून तीन आठवडे गेलेल्या मुलीनें कशाचा त्याग केला? परतीचें तिकीट तिच्या हातांत होतें, खोलीचें भाडें ती भरीत होती. जें तिनें सोडलें नाहीं तें तिनें सोडलें असें कायद्यानें ठरवावें, आणि त्या कल्पित त्यागाची शिक्षा मात्र खरी असावी, हा शब्दांशीं अप्रामाणिकपणा आहे.

बरें, याला उपाय त्या देशास सुचत नाहीं असेंहि नाहीं. तेथें कायम वास्तव्याचा, म्हणजे ‘ग्रीन कार्डा’चा, अर्ज देशांतच करून निकालाची वाट पाहणाऱ्यांसहि हाच नियम आहे, पण त्यांच्यासाठीं ‘अ‍ॅडव्हान्स परोल’ नांवाची सोय ठेविली आहे. आधीं परवानगी काढून बाहेर जावें, परत यावें, अर्ज जागच्या जागीं राहतो. एच-वन-बी दर्जावर असतांना ग्रीन कार्डाचा असा अर्ज केलेल्यास तर या परवानगीचीहि गरज पडत नाहीं. मग विद्यार्थ्याचा नोकरदार होऊं पाहणाऱ्या तरुणासच अशी चिठ्ठी कां मिळूं नये? घरांत मृत्यु किंवा मरणप्राय आजार, तीस दिवसांची मुदत, एक फॉर्म. येथें कायद्याचें डोकें चालत नाहीं असें नव्हे, त्याचें लक्षच गेलेलें नाहीं. आणि लक्ष वेधणारा आवाज या तरुणांना नाहीं, कारण ते त्या देशाचे मतदार नव्हत.

शतकापूर्वींची एक गोष्ट येथें आठवते. डॉ. आंबेडकर १९१३ मध्यें कोलंबिया विद्यापीठांत गेले, १९१६ मध्यें लंडनला आले, आणि १९१७ मध्यें बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळें अभ्यास अर्धा टाकून त्यांस परतावें लागलें. लंडनच्या विद्यापीठानें त्यांस चार वर्षांच्या आंत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा दिली. १९२० मध्यें ते गेले आणि त्यांनीं तो पुरा केला. विद्यापीठ निराळें आणि सरकारी खातें निराळें, हें आम्हीहि जाणतों. तथापि निघून जाणें म्हणजे सोडून देणें नव्हे, हा भेद त्या काळच्या एका संस्थेस कळला होता.

इतकें कायद्याविषयीं. आतां जें आपल्या हातीं आहे त्याविषयीं बोलणें प्राप्त आहे, आणि तें कांहींसें कडू आहे. मृत्यु तिथि पाहून येत नाहीं. लग्नें मात्र आपण तिथि पाहूनच करतों. दर्जाबदल मंजूर झाला कीं घरोघर ‘एच-वन-बी मिळाली’ म्हणून पेढे वांटले जातात, आणि मुलगा आतां मोकळा झाला असें समजून मुहूर्त धरला जातो. वस्तुतः त्या मुलाच्या पासपोर्टावर अजून विद्यार्थ्याचाच व्हिसा असतो. व्हिसा हा देवडीवर दाखवावयाचा परवाना, आणि दर्जा हा आंत बसण्याचा हक्क. हक्क बदलला तरी परवाना आपोआप बदलत नाहीं. आंत आहे तोंवर त्यास कोणी हटकत नाहीं. एकदां बाहेर आला कीं वकिलातीची पायरी चढल्यावांचून सुटका नाहीं. पूर्वीं कॅनडा-मेक्सिकोंतील वकिलातींतून हें काम उरकून घेणारे असत. ६ सप्टेंबर २०२५ पासून अर्जदारानें आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशांतच मुलाखत द्यावी असा दंडक आला. शिवाय अशीं दारें अकस्मात् बंद होतात: २२ जून २०२० च्या फर्मानानें, बाहेर असलेल्या व व्हिसा नसलेल्या एच-वन-बी उमेदवारांचा प्रवेश अडविला गेला तो ३१ मार्च २०२१ पर्यंत. इराणी विद्यार्थ्यांस हा धडा आपल्याआधीं मिळाला. त्यांच्यांतील कित्येकांनीं एकाच प्रवेशाच्या व्हिशावर वर्षानुवर्षें घर पाहिलेलें नाहीं.

म्हणून मुलाचा अर्ज कोणत्या टप्प्यावर आहे हें विचारल्यावांचून कार्यालय ठरवूं नये. अर्ज प्रलंबित असेल आणि घरांत कोणी फार आजारी असेल, तर कंपनीनें जादा शुल्क भरल्यास खातें पंधरा कामाच्या दिवसांत त्यावर कांहीं ना कांहीं उत्तर देतें, हें मुलास विचारून पाहावें. संकोची मुलें ही गोष्ट कंपनीकडे मागत नाहींत. तो ‘नको’ म्हणाला तर कारण दोनदां विचारूं नये. आणि ‘अमक्याचा गेला नि आला, कांहीं होत नाहीं’ हें आपल्या सोसायटींतील सर्वज्ञांचें वाक्य तर कानांत शिरूंच देऊं नये. अमक्याचा कोणत्या वर्षीं, कोणत्या दर्जावर, कोणत्या व्हिशानिशीं गेला हें त्यांस सांगतां येत नाहीं.

त्या दिवशीं बोललेल्या वडीलधाऱ्या गृहस्थांच्या पुतण्याचें लग्न डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यांत होतें. पत्रिका तेव्हांच छापून झाल्या होत्या. मुलगा ऑक्टोबरांतच एच-वन-बी दर्जावर गेला होता. लग्न ठरल्या मुहूर्तावर थाटानें झालें. वकिलातींतील त्याची मुलाखत डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यांत होती. १५ डिसेंबरपासून समाजमाध्यमांवरील लिखाणाची तपासणी एच-वन-बीच्या अर्जदारांसहि लागूं झाली, भारतांतील अनेक मुलाखती पुढें ढकलल्या गेल्या, आणि त्याची तारीख मार्चवर गेली. जानेवारींत ते गृहस्थ आम्हांस मंडईंत भेटले. पुतण्या अजून येथेंच आहे, असें त्यांनीं आपण होऊन सांगितलें, आणि मग थोडें थांबून त्या संशोधक मुलाच्या अर्जाचें पुढें काय झालें म्हणून विचारलें.