विकण्यासाठीच उभारलेली कंपनी

'जालना सोन्याचा पाळणा' ही म्हण मराठवाड्यात सर्वतोमुखी आहे. याच पेठेत १९६४ साली बद्रिनारायण बारवाले यांनी महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली. आज उद्योगात उतरणाऱ्या आपल्या तरुणांपैकी अनेक जण कंपनी कुणाला आणि केव्हा विकायची, हे आधी ठरवतात. मग ती काढतात. त्यांनी या कंपनीचा इतिहास अवश्य पाहावा.

दोष केवळ तरुणांचा नाही. साहस-भांडवल पुरविणाऱ्या निधीची मुदत साधारणतः दहा वर्षांची असते. तेवढ्यात गुंतवणूकदारांना परतावा द्यावाच लागतो. बियाण्याला ही घाई मानवत नाही. संकरासाठी शुद्ध वाण पिढ्यान्‌पिढ्या स्थिर करावे लागतात. कपाशीच्या बीजोत्पादनात तर एकेका कळीतील पुंकेसर सायंकाळी हाताने काढून दुसऱ्या दिवशी सकाळी परागीकरण करतात. एवढे करूनही शेतकऱ्याचा विश्वास बसायला आणखी काही हंगाम जातात. विक्रीकडे डोळे लावून बसलेल्याने हा उपद्व्याप कशाला केला असता?

महिकोनेही १९९८ मध्ये मोन्सँटोला २६ टक्के हिस्सा दिलाच की, असे कुणी म्हणेल. खरे आहे. परंतु तो स्थापनेनंतर चौतीस वर्षांनी, आणि बहुमत हाती राखून. त्याचीही किंमत पडलीच. २००२ साली बीटी कपाशीला मान्यता मिळाली, तंत्रज्ञान-शुल्कामुळे बियाणे महागले. २००६ मध्ये आंध्र प्रदेश सरकारने मक्तेदारी आयोगाकडे दाद मागितली, तेव्हा कुठे सुमारे १६०० रुपयांचे पाकीट ७५० रुपयांवर आले. पुढे २०१८ मध्ये मोन्सँटोच बायरने विकत घेतली. जालन्याने निवडलेला भागीदारच विकला गेला! छोट्या हिश्श्याची ही कथा. संपूर्ण कंपनी विकणाऱ्याला तर पुढे बोलण्याचा अधिकारच उरत नाही.

वार्धक्य, आजारपण, भांडवलाची चणचण यांपायी कंपनी विकावी लागते. त्यात लाजिरवाणे काही नाही. प्रश्न आरंभीच्या हेतूचा आहे. घरातला मुलगा नोकरी सोडून कंपनी काढतो म्हणाला, तर वडीलधाऱ्यांनी त्याला अडवू नये. मात्र एवढे जरूर विचारावे : विकत घेणारा कुणी आलाच नाही, तर दहाव्या वर्षी तुझ्या माणसांचा पगार कशातून निघणार?