गोळी अंगी लागते का, तेही तपासा

सार्वजनिक आरोग्य विभागात औषध खरेदीचे निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्यांस,


‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात शाळेतल्या मुलींना आठवड्याला एक निळी गोळी मिळते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड आणि वर साखरेचे आवरण. हा झाला गोळीचा हिशेब. त्यातले मुलीच्या रक्तात किती उतरते?

लोह मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीलाच शोषले जाते. आवरण उशिरा फुटले, तर गोळी तिथून पुढे सरकते आणि बरेचसे लोह शौचावाटे निघून जाते. गोळी वेळेत फुटते का, हे पाहायला प्रयोगशाळेत जाळीचा तळ असलेल्या सहा नळ्यांत गोळ्या टाकून त्या ३७ अंशांच्या पाण्यात वर-खाली हलवतात. साखरेच्या आवरणाची गोळी तासाभरात फुटली की पास. पण फुटलेली गोळी विरघळलेली असतेच असे नाही, आणि न विरघळलेले औषध अंगी लागत नाही. म्हणूनच अमेरिकेच्या औषधकोशाने १९७० मध्ये विरघळण्याची वेगळी चाचणी आणली.

त्याच्याही आधी, १९५० च्या दशकात, कॅनडाच्या सरकारी शास्त्रज्ञांनी सरळ माणसांवरच पडताळा घेतला. आवरणाच्या गोळ्यांतून रायबोफ्लेविन, म्हणजे बी-२, द्यायचे आणि लघवीत किती उतरते ते मोजायचे. (बी-कॉम्प्लेक्स घेतल्यावर लघवी पिवळीधमक होते, ती याच जीवनसत्त्वामुळे.) नळीत फुटायला फार वेळ लावणाऱ्या गोळ्या शरीरातही कमी पडत होत्या. प्रयोगशाळेतल्या आकड्यावरून शरीराचा अंदाज बांधता येतो, पण तो आधी माणसांवर ताडून पाहावा लागतो.

दुसरी काळजी साठवणीची. साखरेखाली ओल अडवायला लाखेचा थर दिला असेल, तर लाख जुनी होताना विरघळेनाशी होते. कारखान्यातून निघताना पास झालेली गोळी मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत राहिल्यावर तशीच उरेल, हे गृहीत कसे धरायचे?

राज्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. मळमळ सोसून मुली गोळी गिळतात, आशाताई घरोघर पाठपुरावा करतात. त्या कष्टांसाठी एवढे करा: लोह आणि फॉलिक अ‍ॅसिड दोन्हींची विरघळण्याची चाचणी निविदेत सक्तीची करा, नमुने कारखान्यातून नव्हे, उपकेंद्राच्या कपाटातून, मुदत संपत आलेले घ्या, आणि प्रत्येक बॅचचा अहवाल लोकांसमोर ठेवा. पुढच्या निविदेपासूनच हे सुरू व्हावे.

आपला,
औषधनिर्माणशास्त्राचा एक शिक्षक