परदेशातली कटिंग आणि आडनावाचा प्रश्न

बुलढाणा जिल्ह्यातली आपली मुले-मुली आता परदेशात शिकायला जाऊ लागली आहेत. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीने मेहकर, चिखली, लोणारकडच्या घरांनाही ही वाट दाखवली. त्यांच्या अर्जांसाठी आम्ही धावपळ करतो, तेव्हा फी, खोली, जेवण, थंडीचे कपडे अशा सगळ्या गोष्टींवर चर्चा होते. पण तिकडे पोहोचल्यावर महिना-दीड महिन्यात एक प्रश्न हमखास येतो: केस कुठे कापायचे? काही जण या प्रश्नावर हसतात. आमच्या मते हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

आधी पैशाचे बोलू. आपल्याकडे तालुक्याच्या गावी शंभराच्या नोटेत कटिंग होते. लंडनमध्ये साध्या पुरुषी कटिंगला साधारण 15 ते 20 पौंड जातात, म्हणजे दीड-दोन हजार रुपये. मुलींना त्याच्या दुप्पट-तिप्पट मोजावे लागतात, मग केस मुलाइतकेच आखूड असले तरी! अमेरिकेत बिलावर 15 ते 20 टक्के टिप वेगळी द्यावी लागते. शिष्यवृत्तीचा हप्ता लांबला की पहिली काटछाट इथेच होते. वाढलेल्या केसांनी मुलाखतीला जायचे आणि त्यांच्या नजरेत आधीच अर्धे नापास व्हायचे, हे आपल्या मुलांच्या वाट्याला का यावे?

यावर उपाय आहेत. ब्रिटनमध्ये केशकर्तन शिकवणाऱ्या कॉलेजांची स्वतःची सलून असतात. तिथे शिकाऊ विद्यार्थी शिक्षकाच्या देखरेखीखाली कमी दरात केस कापतात. अमेरिकेतही अशा शाळा आहेत. वेळ जास्त लागतो, पैसा वाचतो. शहराच्या मध्यभागी जाण्यापेक्षा स्थलांतरितांच्या वस्तीतले तुर्की किंवा अरब कारागिराचे दुकान गाठावे. केस घरूनच धुऊन जावेत, दर आधी विचारावा, मशीनचा नंबर सांगावा, म्हणजे भाषेची अडचण येत नाही. चार मित्रांनी मिळून एक ट्रिमर घेतला तर दोन-तीन महिन्यांत त्याची किंमत वसूल होते.

पण सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जवळचा मार्ग वेगळाच असतो. तो म्हणजे ‘आपल्या लोकांचा’. भारतीय बायका घरच्या घरी पार्लर चालवतात. थ्रेडिंग, मेंदी, कटिंग बाहेरच्यापेक्षा स्वस्तात होते. पत्ता मिळतो व्हॉट्सॲप ग्रुपवर, मंडळाच्या कार्यक्रमात, ओळखीच्या ओळखीतून. आणि खरा प्रश्न इथे सुरू होतो. खुर्चीवर बसताच विचारपूस होते: कुठल्या तुम्ही? आडनाव काय? घरी कोणता देव? गणपती बसवता का? आमच्याशी बोलणाऱ्या मुली सांगतात की गोऱ्या बाईच्या पार्लरमध्ये खिसा हलका होतो, पण मन हलके राहते. स्वस्त पार्लरमध्ये पैसे वाचतात, पण आडनाव सांगताना आवाज खाली जातो. म्हणजे जातीची किंमत पौंडांतही मोजावी लागते. जो जात लपवील त्याला सवलत, जो सांगेल त्याने बाजारभावाने केस कापावेत!

मित्रांनो, आपल्या समाजाला परकेपण कळायला विमानात बसावे लागले नाही. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की साताऱ्यात त्यांच्या घरातल्या मुलांचे केस त्यांची मोठी बहीण कापत असे. गावात न्हावी होते, घरात पैसेही होते. पण अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला कोणी तयार नव्हते. या आठवणींचे नाव आहे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’. स्वतःच्याच देशात व्हिसाची वाट पाहणारा माणूस! पुढे 29 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत ‘दुकान’ या शब्दाच्या अर्थावर चर्चा झाली, तेव्हा बाबासाहेबांनी तो अर्थ व्यापक असल्याचे स्पष्ट केले. नुसता आत प्रवेश एवढाच त्याचा अर्थ नाही, तर सेवा देणाऱ्याची सेवा मिळणे हाही त्यात आहे, आणि न्हाव्याचे दुकानही त्यात येते. आज अनुच्छेद 15 मध्ये तो शब्द आहे. 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणावरून सेवा नाकारणे हा गुन्हा ठरवला.

परदेशात हे संरक्षण आपोआप मिळत नाही. ब्रिटनच्या समता कायद्यात जातीचा स्पष्ट उल्लेख करावा, असे तिथल्या संसदेने 2013 मध्ये ठरवले. 2018 मध्ये सरकारने त्यातून अंग काढून घेतले. अमेरिकेत सिअ‍ॅटल शहराने फेब्रुवारी 2023 मध्ये जातिभेदावर बंदी घातली. असे करणारे ते त्या देशातले पहिले शहर. याला विरोध करणारे कोण होते? जे भारतात ‘आता जात राहिली कुठे’ म्हणतात, त्यांचेच भाऊबंद.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आमचे भांडण नाभिक समाजाशी नाही. तोही बलुतेदार, तोही गावकीच्या धाकाखाली जगलेला. 1890 मध्ये सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांनी विधवांचे केशवपन करणार नाही असे ठरवून संप केला. अन्यायाला नकार देणारा तो वस्तरा आपला आहे. माणसाला नकार देणारा वस्तरा मात्र गावकीचा आहे, तो हातात कोणाच्याही असो.

मग करायचे काय? अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांकडे पाहा. बाबासाहेब 1913 ते 1916 या काळात न्यूयॉर्कमध्ये शिकत होते. त्याच काळात गुलामगिरीतून सुटलेल्या आई-बापांची मुलगी मॅडम सी. जे. वॉकर हिने केसांच्या प्रसाधनांचा मोठा उद्योग उभारला आणि हजारो कृष्णवर्णीय स्त्रियांना त्यातून रोजगार मिळाला. पुढे नागरी हक्कांच्या लढ्यात कृष्णवर्णीयांची केशकर्तनालये सभेच्या जागा बनल्या. ज्या खुर्चीवर अपमान होत होता, तिथे त्यांनी संघटना बांधली.

आपणही हे करू शकतो. आधी गेलेल्या विद्यार्थ्यांनी शहरवार यादी करावी: कुठे स्वस्त आहे, कुठे आडनाव विचारत नाहीत. नव्याने जाणाऱ्याने सामानात ट्रिमर ठेवावा आणि दोन महिने आधी कटिंग शिकून घ्यावी. आपल्या समाजातल्या ज्या मुली पार्लरचा कोर्स करतात, त्यांच्या दुकानात आपण गिऱ्हाईक म्हणून जावे. आणि जिल्ह्यात एखाद्या गावात आजही कोणाचे केस कापायला नकार दिला जात असेल, तर तक्रार लिहायला कार्यकर्त्याने सोबत बसावे. लंडनमधल्या मुलीने आडनाव मोठ्याने सांगावे असे वाटत असेल, तर गावातल्या तिच्या भावाला पारावरच्या दुकानात खुर्ची मिळालीच पाहिजे.

जय भीम.